बाजेखालचा नळ

एका उन्हाळ्यात अर्धं जळगाव माझ्या हातानं पाणी प्यायलं. त्याच उन्हाळ्यात माझी माय हापशीवर रांगेत उभी राहायची, अन् रांगेतल्या बायका तिला विचारायच्या, "काय वं, तुहा पोरगा नळाले पानी सोडतो ना?" माय म्हणायची, "सोडतो. पन लोकायले."

परवा सकाळी आमच्या स्वयंपाकघरातला नळ खोकला. उन्हाळा तापला की तो असाच खोकतो. आधी सूं करत नुसती हवा, मग दोन गचके, मग चहासारखं लालसर पाणी, अन् मग एकदाचं स्वच्छ. आता घराघरावर टाक्या आहेत, मोटारी आहेत, त्यामुळं हा आवाज कोणी ऐकत नाही. मी पेपरातली चित्रं पाहत बसलो होतो. उठलो अन् नळाला कान लावला. आमची इंदू म्हणाली, "काय आयकता? बातम्या लागल्या का त्यात?"

बातम्याच लागतात.

शाळेत मी दोनदा गेलो. एकदा बापानं नाव घालायला नेलं, एकदा मास्तरांनी नाव काढायला बोलावलं. मधल्या दिवसांत मी मेहरूणच्या तलावात म्हशींसोबत होतो. म्हणून मोठेपणी पालिकेत पाणी सोडायचं काम मिळालं तेव्हा माय म्हणाली, हे बरं झालं, पाण्यातच शिकलेला हाये. नोकरीचं नाव व्हॉल्व्हमन. काम काय, तर रस्त्यात लोखंडी झाकण असतं ते उचलायचं, आत छातीएवढी लांब चावी घालायची अन् फिरवायची. एका भागाचं पाणी बंद करायचं, दुसऱ्याचं सुरू करायचं. धरणात पाणी थोडं, टाकी एक अन् तोंडं हजार. सगळ्यांना एकदम सोडलं तर कोणालाच पुरत नाही, म्हणून पाळी. गाव चालायचं ते असं, उसनवारीवर. आज तुम्ही तहानलेले राहा, उद्या हे राहतील.

पहिल्याच दिवशी मी चावी घातली अन् ती फिरेना. कुठल्या बाजूला फिरवायची ते मी विचारलं नव्हतं, कारण विचारलं तर लोक म्हणतील याला काही येत नाही. व्हॉल्व्ह जाम झाला असं मी ठरवलं. रस्त्यानं जाणारे दोन दणकट गडी बोलावले. तिघांनी मिळून घाम गाळला, अन् आधीच बंद असलेलं पाणी आम्ही आणखी बंद केलं. मग दगडावर बसून मी बिडी पेटवली, काम झालं म्हणून. बायका हंडे घेऊन माझ्याकडं यायला लागल्या तेव्हा मी त्यांना म्हणालो, धीर धरा, पाणी रस्त्यात आहे.

शेवटी नाना आले. नाना म्हणजे आमच्यातले जुने व्हॉल्व्हमन, मूळचे सोनगीरचे. सगळं आयुष्य जळगावात गेलं तरी बोलणं धुळ्याकडचंच राहिलं. त्यांनी चावी हातात धरली, एकदा हलवून पाहिली अन् म्हणाले, "तू तं पानीले कुलूप लाई दिधं रे भाऊ."

नानांनीच मला ऐकायला शिकवलं. चावीच्या दांड्याला कान लावायचा. पाईप रिकामा असला की शंखासारखा घुमतो. पाणी निघालं की बारीक कुजबूज येते, लांबून लग्नघर ऐकू यावं तशी. मी कान लावायचो तेव्हा बहुतेक वेळा मला माझ्याच पोटाचा आवाज यायचा, पण मान मी हलवायचो. आजूबाजूच्या बायका माझ्या मानेकडं बघत असायच्या ना. त्या दिवसांत मी सायकलीला चावी बांधून पेठेतून निघालो की लोक मला रामराम घालायचे. मला वाटायचं, आपली छाप आहे. एकदा चावी घरी विसरून निघालो, तर कुत्र्यानंही ओळख दाखवली नाही.

माझा भाग जुन्या गावातला. राहायचो मेहरूणला, तो भाग नानांचा. आमची गल्ली तलावाच्या वरच्या अंगाला, चढावर. पत्र्यावर चढलं की सगळा तलाव दिसायचा, बगळे दिसायचे, म्हशी दिसायच्या, अन् पत्र्याखाली नळ कोरडा. चढावर पाणी येतं ते दमून येतं. कमरेएवढ्या नळाला थेंब थेंब, गुडघ्याएवढ्या नळाला करंगळीएवढी धार. मग आमच्या शेजारच्या गोपाळभाऊंनी एके दिवशी दारासमोर हातभर खड्डा केला अन् नळ खाली नेला. त्यांच्याकडं धार लागली. आमच्याकडचं होतं तेही गेलं. पाणी खाली पळतं, हे त्या उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीला एकदम समजलं.

मग काय विचारता. समोरच्यानं दीड हात खणलं. त्याच्या पलीकडच्यानं दोन. गोपाळभाऊ परत कुदळ घेऊन बसले. कोणी कोणाशी भांडलं नाही, हे मात्र खरं. फक्त दर पाळीनंतर संध्याकाळी कुठून तरी ठक ठक ऐकू यायचं, अन् सगळ्यांना कळायचं की आता आपलं पाणी तिकडं चाललं. गल्लीतले सगळे नळ हळूहळू जमिनीत उतरले. खड्ड्याला पायऱ्या आल्या. कोणी शहाबादी फरशी लावली, कोणी कडेला तुळस ठेवली.

पाळीच्या दिवशी दिवेलागणीला गल्लीत पाहिलं तर माणसं नाहीतच, नुसती डोकी. मळ्यात वांग्याची रोपं दिसावीत तशी बायकांची डोकी जमिनीवर दिसायची. तिथूनच बोलणं चालायचं. या खड्ड्यातून त्या खड्ड्यात विरजण मागितलं जायचं, सुनेची तक्रार व्हायची, बाळंतपणाची बातमी यायची. "आलं का वं?" "हवा आली." "माह्याकडं गचके देऊ राह्यलं." अन् मग एकदम सगळ्या गल्लीत पितळेच्या भांड्यांत धार पडायची. तो आवाज मी कुठं परत ऐकला नाही. मोटारीच्या आवाजात ती गंमत नाही. मोटार कशी, एकटीच ओरडते.

मी व्हॉल्व्हमन. सगळ्यात खोल खड्डा माझाच असायला पाहिजे, असा माझा हिशोब. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून खणत गेलो. नळ एवढा खाली नेला की गोपाळभाऊ कडेला उकिडवे बसून म्हणाले, "भाऊ, अजून खंदला त सासुरवाडीलेच निघशीन." सासुरवाडी तेव्हा नव्हती. खड्डा खोल झाला पण रुंदी राहिली कोठीच्या तोंडाएवढी. मायनं हंडा आत सोडून पाहिला, मग वर काढून स्वतः उतरून पाहिलं. वर आली अन् पदरानं हात पुसत म्हणाली, "हंडा उतरला त मानूस उतरत नही. मानूस उतरला त हंडा उतरत नही. तू ठरव, कोनाले पाठवायचं."

मग तो रुंद केला. रुंद करता करता अंगण संपलं. दारातून बाहेर पाऊल टाकलं की खड्डा. रात्री बाज टाकायला जागा उरली नाही, अन् माय त्या उन्हाळ्यात घरात झोपली, पत्र्याखाली उकडत. पाळीच्या दिवशी कुरडयांचा गहू भिजत घालायची, पुढच्या पाळीला चीक शिजवायची. वाळत घातलेल्या बिबड्यांचा, ज्वारीच्या त्या पापडांचा, आंबूस वास आला की अजून मला वाटतं, आज पाणी येणार.

तर अशा त्या उन्हाळ्यात माझ्या लग्नाचं चाललं होतं. मेहरूणच्या पोरांचे तेव्हा वाईट दिवस होते. मुलीकडचे आले की नोकरी नंतर विचारायचे, आधी विचारायचे, पानी कसं हाये? गोपाळभाऊंच्या भाच्याची सोयरीक खड्डा पाहून मोडली होती. मुलीचा मामा पायऱ्यांवरून खाली पाहून चहा न घेताच गेला. अन् मला पसंत पडली होती ती मुलगी असोद्याची. म्हणजे जिथं विहिरीला मोटार आहे, केळीच्या बागेत पाटानं पाणी खळखळ वाहतं, त्या गावची. आम्ही पाहायला गेलो तेव्हा मी मान वर न करता चहा बशीत ओतला, तो बशी सोडून मांडीवर गेला. पोळलं, पण मी हसतमुख बसून राहिलो. बाकी सगळे मोठ्या माणसांसारखे गप्प. ती मात्र फस्सकन हसली अन् आत पळाली. तिथंच माझं ठरलं. हिच्यासमोर आपण जन्मभर सांडत राहिलो तरी चालेल.

आता तिचे वडील अन् आत्या घर पाहायला येणार होते. वडलांना सगळे आबा म्हणायचे, आत्याला अक्का. मायला काळजी लागली. मी म्हणालो, तू फक्त चहाचं बघ. माझी अक्कल मोठ्या खड्ड्यातून निघालेली होती. आमची पाळी संध्याकाळची, म्हणून पाहुणे दुपारी बोलावले. गल्लीत बायका खड्ड्यांत उतरायच्या आत ते परत बसमध्ये बसलेले असतील. आपल्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर बाज, बाजेवर मायचं लग्नातलं जाजम, चारी बाजूंनी जमिनीला टेकेल असं. खड्डा गायब. अंगण काय छान दिसत होतं म्हणून सांगू, मलाच तिथं राहावंसं वाटलं.

एवढं केलं ते कोणाला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून नानांना सांगितलं. सगळं नाही. एवढंच की उद्या दुपारी असोद्याचे पाहुणे येणार, लई मोठं घर आहे. नानांचा चेहरा फुलला. "येऊ दे, येऊ दे," म्हणाले.

पाहुणे आले. आबा म्हणजे धिप्पाड माणूस, पांढरं धोतर, डोक्याला टोपी, बोलणं कमी. अक्का बारीक, पण डोळे सगळीकडं. आबांना मी मानानं बाजेवर बसवलं. फळ्या करकरल्या. मी नवा टेरिलीनचा शर्ट अन् कडक इस्त्रीची पॅन्ट घालून समोर उभा. फराळाला मी केळी आणली होती. असोद्याच्या माणसाला केळी. आबांनी एक हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं अन् न खाता परत ठेवलं, जसं आपल्याच शेतातलं ओळखीचं कोणी भेटावं.

"पानी कसं हाये इकडं?" आबांनी विचारलंच.

"पान्याचं काय, आबा," मी म्हणालो, "पानी माह्याच हातात हाये."

तेवढ्यात आबांच्या खाली सूं झालं.

आमच्याकडं रीत अशी की नळ कायम उघडा ठेवायचा अन् खाली पत्र्याचा डबा, म्हणजे पाणी आलं की आवाज होतो. ती तोटी बंद करायची मी विसरलो होतो. पण संध्याकाळचं पाणी दुपारी आलं कसं, हे माझ्या डोक्यात शिरेना.

अक्कांनी जाजमाकडं पाहिलं.

"पाव्हने, बाजेखाली काय हाये?" आबा म्हणाले.

"मांजर हाये, आबा."

खालून दोन गचके बसले. बाज थरथरली.

"आजारी हाये का?"

"थोडं हाये."

मग डब्यात धार पडली, खणखण, भरपूर. एवढं जोराचं पाणी त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीला कधी आलं नव्हतं. आबा शांतपणे म्हणाले, "मांजरानं सोडलं बरं," अन् तसेच बसून राहिले.

तोवर गल्ली जागी झाली. दारं उघडली, हंडे वाजले, "आलं वं, दुपारीच आलं" करत बायका पटापट जमिनीत उतरायला लागल्या. आबा बाजेवरून एक एक डोकं खाली जाताना पाहत होते. मी त्यांना गावातल्या सिनेमा थेटराबद्दल काहीतरी सांगत होतो. आवाज माझाच होता, पण मलाही तो ऐकू येत नव्हता.

माय बाहेर आली. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. हात जोडून म्हणाली, "आबा, जरासे उठता का? पानी गेलं म्हंजे मंग दोन दिवस नही." आबा उठले. मायनं बाज ओढली, जाजम घडी करून दारात ठेवलं, फळ्या एकेक करून काढल्या अन् खोचा मारून खाली उतरली. खालून हंडा वर आला तो घ्यायला कोणी नव्हतं, कारण मी कुठं पाहावं या विचारात होतो. अक्कांनी पदर खोचला अन् हंडा घेतला. दुसरा रिकामा खाली दिला. दोघी बोलायला लागल्या, जशा काही याच कामासाठी भेटल्या होत्या.

आबा काठाशी येऊन उभे राहिले. त्यांनी खाली पाहिलं. मग म्हणाले, "आमच्याकडं केळीच्या बुंध्यालेबी पाटानं पानी जातं, बाई. कोनी खड्ड्यात उतरत नही. राग नका मानू, पन माही पोर रोज यात उतरीन का?"

गल्लीतली सगळी डोकी आमच्याकडं वळली.

मायनं खालून वर पाहिलं. "नही उतरनार," ती म्हणाली. "हा उतरीन."

"कोन?"

"हाच. गावाले पानी सोडतो ना, मंग घरचं भरीनबी हाच. मी हाये तोवर तुमच्या पोरीले एक पायरी उतरू देनार नही. खंदलाबी त्यानंच हाये." मग माझ्याकडं वळून, "ये रे खाली."

मी पॅन्ट दुमडायला लागलो. इस्त्री एवढी कडक होती की घडी पडेना. तसाच उतरलो. माय वर आली. खड्ड्यात पाणी साचलं होतं, गुडघ्यापर्यंत गेलो, टेरिलीनचा शर्ट पाठीला चिकटला. वर पाहिलं तर आबा, अक्का, माय, गोपाळभाऊ अन् वर पांढरं आभाळ. घर पाहायला आलेल्या लोकांनी मुलगा असा विहिरीतला पोहरा पाहावा तसा पाहिल्याचं मी दुसरं ऐकलेलं नाही. मी हंडा डोक्यावर उचलून दिला. अर्धा माझ्या अंगावर आला. सांडायची माझी सवय आबांच्या घरी माहीत होतीच.

पाहुणे हो-नाही काही न बोलता गेले.

संध्याकाळी नाना सायकलीवरून मोठ्या खुशीत आले. "काय रे, पाव्हना खूश व्हयनात का? तुन्हा घर पाव्हना येनार म्हनीसन मी तुमनीच लाइन पहिले सोडी दिधी." बाकीच्यांची पाळी मागं सारून त्यांनी आमच्या गल्लीला टाकीचं पहिलं, भरल्या जोराचं पाणी दिलं होतं. माझ्यासाठी. मायनं त्यांना चहा दिला अन् उरलेली केळी खायला लावली.

पुढचे दिवस फार हळू गेले. उन्हात रस्त्याचं डांबर मऊ व्हायचं अन् माझी चावी त्यात रुतायची. असोद्याची बस दिसली की मी उगीच झाकण उघडून आत डोकं घालायचो, म्हणजे कोणी असलं तर मी कामात दिसेन. पाईपला कान लावायचो तर ती लांबच्या लग्नघरासारखी कुजबूज यायची, अन् मला ती नकोशी व्हायची. घरी माय पाळीच्या दिवशी हंडा माझ्या हातात द्यायची अन् खड्ड्याकडं बोट करायची. सून येवो न येवो, बोलून बसली होती ना.

अन् एक दिवस अक्काच आल्या, एकट्या, डोक्यावर केळीचा घड घेऊन. माझ्याशी बोलल्याच नाहीत. सरळ आत गेल्या. आतून मायचं हसू ऐकू आलं तेव्हा मी चढावर बसून राहिलो, तलावाकडं तोंड करून. बगळे होते, म्हशी होत्या. नळाला पाणी नव्हतं तरी सगळं भरल्यासारखं वाटत होतं.

माय होती तोवर सून म्हणून आलेली इंदू खड्ड्यात उतरली नाही. कधी मी कामावर अडकलो तर माय उतरायची, अन् इंदू वरून ओरडायची, "अवं आत्या, मी येते ना," तर माय खालून, "तू वरच राह्य." दोघींचा वाद चालायचा, हंडे भरत राहायचे. पुढं गावाला नवी टाकी झाली, मोठे पाईप आले, दाब वाढला. गल्लीतले नळ हळूहळू वर आले तसे खड्डे लोकांनी बुजवले. आमचा बुजवायला तीन गाड्या मुरूम लागला. माय तेव्हा अंथरुणावर होती. शेवटचं टोपलं पडलं तेव्हा म्हणाली, आता अंगनात बाज टाक. टाकली. दोन उन्हाळे झोपली ती तिथं, मोकळ्या वाऱ्यात.

आता उन्हाळा लागला की मी ही गोष्ट सांगतो. ऐकणारे बदलतात. सांगता सांगता मी थोडा उंच होतो, खड्डा थोडा खोल होतो. शेवट मात्र कायम एकच, की आबांनी मला त्या पाण्यात उभं पाहिलं अन् तिथंच ओळखलं, हा गडी कष्टाचा आहे, पोर सुखात राहील.

परवा नळाला कान लावून झाल्यावर मी हेच इंदूला सांगत होतो. ती पत्र्यावर बिबडे उलटत होती, मी खाली सावलीत उभा. तिनं हात थांबवला नाही.

"बा घरी आला अन् म्हने, पोरगं येडं हाये, खोटंबी धड बोलता येत नही, नको," ती म्हणाली. "अक्का म्हने, पोराचं राहू दे, सासू पाह्य. मी तुमच्या मायले हो म्हटलं व्हतं. तुम्ही तिच्यासंगं आले."